वर्गाबद्दल लिहिणारे शिक्षक वाचून काय शिकायला मिळतं

52 मधून 27 गेले किती? तिसरीतल्या एका मुलीने वहीत उत्तर लिहिलंय 35. समजा तिच्या शिक्षकाला यावर काहीतरी लिहायचंय. तो असं लिहू शकतो की मुलांचा पाया कच्चा राहतोय, घरी कोणी अभ्यास घेत नाही, वर्गाचा पट मोठा आहे, वरून ऑनलाइन माहिती भरायची कामं आहेतच. यातलं काही खोटं नाही, पण वाचून झाल्यावर दुसऱ्या शिक्षकाच्या हाती काही लागत नाही, कारण हे सगळं त्याला आधीपासून माहीत असतं. आता तोच शिक्षक ती वही पुढ्यात घेऊन लिहितो की बघा, दशकाच्या घरात 5 मधून 2 गेले 3 हे तिने बरोबर केलंय, एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत म्हणून तिने सरळ 7 मधून 2 काढले आणि 5 लिहिले, आणि त्याच पानावरच्या हातच्याच्या बाकीच्या वजाबाक्यांतही तिने अगदी हेच केलंय. म्हणजे ती मनाला येईल तो आकडा लिहीत नाहीये, ती एक नियम पाळतेय. आणि तो नियम तिला कुठून मिळाला, तर पहिलीत आपणच सांगितलेला असतो, "मोठ्यातून लहान वजा करायचं".

हे दुसरं वाचलं की वाचणारा शिक्षक त्याच दिवशी आपल्या वर्गातल्या वह्या काढून बघतो. मला वाटतं शिक्षणावरचं लेखन चांगलं आहे का हे ओळखायची इतकी सरळ कसोटी दुसरी नाही: वाचल्यावर वही उघडून बघावीशी वाटते का?

ही वजाबाकीची चूक काही नवी नाही, जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकन संशोधकांनी 1978 मध्येच दाखवून दिलं होतं की मुलांच्या वजाबाकीतल्या बऱ्याच चुका पद्धतशीर असतात, प्रत्येक चुकीमागे एक ठरलेली चुकीची कृती असते आणि ती ओळखली की ते मूल पुढचं गणित कसं चुकवेल हेही सांगता येतं. पण तो पेपर कितीशा शिक्षकांनी वाचला असणार? पुढे न्यूयॉर्कमधल्या मायकेल पर्शन या गणित शिक्षकाने एक साइट चालवली, मॅथ मिस्टेक्स नावाची, त्यात तो मुलांनी सोडवलेल्या गणिताचा फोटो टाकायचा आणि जगभरच्या शिक्षकांना विचारायचा की या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल. म्हणजे चुकीचं उत्तर हाच लेखाचा विषय. लांबलचक प्रस्तावना नाही, बोधवाक्य नाही, एक फोटो आणि एक प्रश्न, आणि खाली शिक्षक अगदी गंभीरपणे चर्चा करतायत की मुलाने इथे छेद का बेरजेत घेतला असेल. मी असं लेखन वाचत आलोय आणि त्यातून मला चांगल्या लेखनाबद्दल जे कळलं ते लेखनकलेवरच्या सल्ल्यांतून कळलं नव्हतं, म्हणून हे सगळं जरा सविस्तर मांडतोय.

आधी एक मूळ अडचण समजून घेऊ, कारण ती शिकवण्यातही आहे आणि लिहिण्यातही आहे. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काही लोकांना सांगितलं की सगळ्यांना माहीत असलेल्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना आधी विचारलं की किती गाणी ओळखली जातील, तर त्यांचा अंदाज होता निम्मी. प्रत्यक्षात 120 पैकी ओळखली गेली फक्त 3. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, शब्द, सूर, वाद्यं सगळं, आणि समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. आणि वाजवणाऱ्याला खरंच कळत नाही की समोरच्याला हे कसं काय कळत नाहीये!

ज्याला विषय येतो त्याचं नेमकं हेच होतं. एकदा गोष्ट समजली की ती समजत नव्हती तेव्हा कसं वाटायचं हे आठवणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून मोठमोठे तज्ज्ञ लिहितात तेव्हा बऱ्याचदा वाचकापर्यंत टकटकच पोचते. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाची गोष्ट वेगळी असते, त्याच्या समोर रोज तीस-चाळीस चेहरे असतात आणि त्याची टकटक पोचली नाही हे त्याला तिथल्या तिथे दिसतं. त्यामुळे चांगले शिक्षक लिहायला लागले की त्यांच्या वाक्यात ही सवय आपोआप येते, आधी उदाहरण द्यायचं, मग थांबायचं, मग नियम सांगायचा, आणि जिथे समोरचा अडकणार हे माहीत आहे तिथे दोन वाक्यं जास्त लिहायची. यालाही शास्त्रीय आधार आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर 1980 च्या दशकापासून सांगत आलेत की नवीन गोष्ट शिकताना आपल्या डोक्याची एका वेळी धरून ठेवायची ताकद फार कमी असते, त्यामुळे नवशिक्याला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण दाखवलं तर तो लवकर शिकतो, आणि तेच त्याला एकदम कोऱ्या प्रश्नावर सोडलं तर सगळी ताकद चाचपडण्यातच जाते. लेखातही तसंच, पहिल्याच परिच्छेदात चार नवीन संज्ञा टाकल्या की वाचक गेला.

आता डॅन मेयरबद्दल सांगतो, कारण या बाबतीत माझ्यावर सगळ्यात जास्त परिणाम त्याचा झालाय. कॅलिफोर्नियातल्या एका हायस्कूलमध्ये हा गणित शिकवायचा आणि 2006 पासून ब्लॉग लिहायला लागला. त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे पाण्याच्या टाकीचं. पाठ्यपुस्तकात प्रश्न असतो की अमुक आकाराची टाकी आहे, बाजू इतकी, उंची इतकी, पाणी मिनिटाला इतकं येतं, आधी तळाचं क्षेत्रफळ काढा, मग घनफळ काढा, मग टाकी भरायला किती वेळ लागेल ते सांगा. मेयरचं म्हणणं असं की यात मुलाने करायचा सगळा विचार पुस्तकानेच करून टाकलाय, कोणती माहिती लागणार, कोणत्या क्रमाने जायचं, सगळं तयार, मुलाने फक्त आकडे भरायचे. मग त्याने काय केलं तर सगळ्या पायऱ्या काढल्या, सगळे आकडे काढले, आणि खरी टाकी नळाने भरत असल्याचा व्हिडिओ वर्गात लावला. पाणी हळूहळू, अगदी जीव खाईल इतकं हळू चढतंय. मुलं कंटाळतात, घड्याळाकडे बघतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी विचारतंच की ही भरायला अजून किती वेळ लागणार? झालं, प्रश्न मुलांचा झाला. मग ती अंदाज सांगतात, मग त्यांना मापं हवी असतात, ती मागून घेतात, आणि शेवटी टाकी भरेपर्यंत व्हिडिओ चालवून उत्तर पडताळून बघतात.

यावर त्याने पुढे गणिताची तीन अंकी गोष्ट अशी मांडणी केली, पहिल्या अंकात डोळ्यांसमोर काहीतरी घडतं आणि प्रश्न पडतो, दुसऱ्यात माहिती आणि साधनं गोळा होतात, तिसऱ्यात उत्तर उघड होतं. आता गंमत बघा, त्याचं स्वतःचं लेखनही याच वळणाने जातं. तो सुरुवातीला निष्कर्ष सांगत नाही. पाठ्यपुस्तकातलं पान जसंच्या तसं समोर ठेवतो, यात काय खटकतंय असं विचारतो, मग आपण काय बदललं ते दाखवतो, आणि वर्गात मुलांनी काय केलं ते सांगतो. 2013 मध्ये तर त्याने दर सोमवारी पाठ्यपुस्तकातलं एक गणित वाचकांपुढे टाकून ते सगळ्यांनी मिळून सुधारायचा कार्यक्रमच चालवला होता. वाचकाला काम दिलं की तो टिकतो, आणि नुसतं कौतुक करायला आलेला माणूस आणि काम करायला आलेला माणूस यात फार फरक असतो. शिवाय व्हिडिओ, फोटो, स्लाइड सगळं फुकट उतरवून घेता येईल असं ठेवलेलं, म्हणजे वाचणाऱ्या शिक्षकाला उद्याच्या तासाला ते वापरता यावं. मी स्वतः गणित शिकवतो आणि हे वाचायला लागल्यापासून मी पाठ्यपुस्तकातलं शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिताना आधी आकडे गाळूनच लिहितो, मुलांनी मागितले की देतो.

बारकाईने बघून लिहिणं म्हणजे काय याचा दुसरा एक नमुना तर शिक्षकाचाही नाही. स्कॉटलंडमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने 2012 च्या एप्रिलअखेरीस शाळेतल्या जेवणाबद्दल रोज लिहायला सुरुवात केली, नेव्हरसेकंड्स नावाने. रोज ताटाचा फोटो आणि ठरलेल्या गोष्टी: जेवणाला दहापैकी किती गुण, किती घास झाले, तब्येतीच्या दृष्टीने किती गुण, किंमत किती, आणि जेवणात केस सापडले का, किती! बस. शाळेच्या जेवणाचा दर्जा खालावलाय असं एकही भाषण त्यात नव्हतं. पण सुरुवातीच्या एका ताटात पिझ्झाचा एक तुकडा, बटाट्याचं एकच क्रोकेट, थोडा मका आणि एक कपकेक एवढंच दिसलं आणि बघणाऱ्याला जे कळायचं ते कळलं. जूनच्या मध्याला तिथल्या आर्गाइल अँड ब्यूट कौन्सिलने फोटो काढायला बंदी घातली, एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली, आणि ती ज्या संस्थेसाठी देणग्या गोळा करत होती त्या मेरीज मील्सकडे एक लाख पौंडांच्या वर रक्कम जमा झाली, त्यातून मलावीमधल्या मुलांच्या शाळेतल्या जेवणाची सोय झाली. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती म्हणजे रोज तेच मोजमाप. मोजपट्टी बदलली नाही म्हणून सोमवारचं ताट आणि गुरुवारचं ताट शेजारी ठेवून बघता येत होतं. आपल्याकडे शालेय पोषण आहारावर किती बोललं जातं, पण रोजच्या ताटाची अशी साधी नोंद ठेवणारं कोणी असलं तर त्या चर्चेला केवढा आधार मिळेल.

लॅरी क्युबन हे नाव मराठी शिक्षकांत फारसं घेतलं जात नाही, घेतलं पाहिजे. त्यांनी क्लीव्हलंड आणि वॉशिंग्टनच्या शाळांमध्ये अनेक वर्षं इतिहास शिकवला, मग सात वर्षं एका जिल्ह्याच्या शाळांचे मुख्य अधिकारी होते, मग स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक, आणि निवृत्तीनंतर 2009 पासून नियमित ब्लॉग लिहायला लागले. 2016 मध्ये ते सिलिकॉन व्हॅलीतल्या शाळांमध्ये जाऊन बसले, तंत्रज्ञान चांगलं वापरतात अशी ख्याती असलेल्या वर्गांत. मागे बसून दर काही मिनिटांनी शिक्षक काय करतोय आणि मुलं काय करतायत याची नोंद. मग त्याचं वर्णन लिहायचं, आणि छापण्याआधी त्या शिक्षकाकडे पाठवायचं की यात माहितीची काही चूक असेल तर सांगा. आणि या वर्णनात तास चांगला झाला की वाईट झाला हे नाही! काय घडलं ते एवढंच. सुरुवातीला वाचताना थोडं कोरडं वाटतं खरं, पण चार-पाच वर्ग वाचून झाल्यावर आपल्यालाच दिसायला लागतं की टॅबलेट असूनही अमुक वर्गात बोलतोय शिक्षकच, आणि अमुक वर्गात मुलं खरंच एकमेकांशी बोलून काहीतरी सोडवतायत. मत बनवायचं काम वाचकाकडे ठेवलंय आणि त्यासाठी लागणारा ऐवज लेखकाने प्रामाणिकपणे पुरवलाय. वर्णन आणि निवाडा वेगळे ठेवायचे, ही शिस्त फार अवघड आहे, आपण वाक्याच्या मध्यातच "छान", "दुर्दैवाने", "अतिशय प्रेरणादायी" असे शब्द टाकून मोकळे होतो.

संशोधन सोपं करून सांगणारे लेखक हा अजून एक प्रकार. लंडनमध्ये मुख्याध्यापक राहिलेले टॉम शेरिंग्टन यांनी बराक रोझेनशाइन या अमेरिकन अभ्यासकाची दहा सूत्रं ब्रिटनभरच्या शिक्षकांपर्यंत पोचवली. ती सूत्रं तशी साधी आहेत, तासाची सुरुवात आधीच्या भागाच्या छोट्या उजळणीने करा, नवीन गोष्ट लहान लहान टप्प्यांत द्या, खूप प्रश्न विचारा आणि सगळ्या मुलांना समजलंय का ते तपासा, वगैरे. पण शेरिंग्टन तिथे थांबत नाहीत, सगळ्या मुलांना समजलंय का ते तपासा म्हणजे माझ्या तासाला नेमकं काय करायचं ते सांगतात: प्रत्येक मुलाने छोट्या पांढऱ्या फळीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं, म्हणजे हात वर करणाऱ्या चार हुशार मुलांच्या उत्तरावरून अख्ख्या वर्गाला समजलं असं आपण धरून चालत नाही. हे वाचताना मला एकदम आपली पाटी आठवली. आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गात पाट्या आहेतच, "पाटी वर करा" हे आपण म्हणतोच, फक्त त्याचा उपयोग पाचवी-सहावीत थांबतो. चांगलं स्पष्टीकरण असं असतं, ते परक्या देशातल्या वर्गाबद्दल असलं तरी आपल्या वर्गातली वस्तू दाखवून जातं.

असं लिहिण्याने धोरणही हलतं. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड ही शाळा तपासणारी यंत्रणा वीस-तीस मिनिटं वर्गात बसून त्या तासाला श्रेणी द्यायची. शिक्षक लिहित राहिले की एवढ्या वेळात शिकणं दिसत नाही, त्यामुळे तपासणीच्या दिवशी सगळे दिखाऊ धडे घेतात, आणि त्यांनी आपल्या शाळेतले प्रसंग आणि संशोधन दोन्ही मांडलं. 2014 च्या फेब्रुवारीत ऑफस्टेडच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी यातल्या काही लिहिणाऱ्यांना भेटायला बोलावलं आणि त्याच वर्षी एकेका तासाला श्रेणी देणं बंद झालं. त्यामागे इतरही कारणं होती, पण शिक्षकांचं लेखन त्यात नक्की होतं.

आता आपल्याकडचं. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या कितीतरी शिक्षकांनी गेल्या दशकात स्वतःच्या साइट काढल्या, आणि त्यांनी केलेली मदत मोठी आहे, नवा शासन निर्णय, सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती कशी भरायची, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, परिपाठाचं साहित्य, सगळं एका जागी मिळायचं, रात्री अकराला एखादा मुख्याध्यापक फॉर्म शोधत असताना याचं मोल काय ते त्यालाच माहीत. पण त्यात वर्ग फारसा दिसत नाही. 22 जून 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र या सरकारी कार्यक्रमाच्या शासन निर्णयानंतर राज्यभरातून शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटला, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाला, जाऊन आले, तिथल्या शाळा बघून भारावले, परत येऊन जमिनी रंगवल्या, मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे बनवले, आणि फोटो खूप फिरले. मला त्या फोटोंसोबत जे वाचायचं होतं ते थोडंच मिळालं: माळेवर 34 दाखवताना मुलाने तीन दहाच्या लड्या मोजल्या की एकेक मणी करत 34 पर्यंत गेला? एकेक मणी मोजणारा मुलगा लड्यांकडे कधी वळला, कशामुळे वळला? ज्यांनी वर्षभर हे केलं त्यांना याचं उत्तर माहीत आहे, ते लिहिलं गेलेलं नाही एवढंच.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला "वीस एक" असं संख्यावाचन आलं तेव्हा हे फार जाणवलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी सांगितलं की मराठीतली जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अवघड जातो. त्यावर टीव्हीपासून विधानसभेपर्यंत सगळे बोलले, भाषा बुडाली इथपासून मुलं सुटली इथपर्यंत. पण हा प्रश्न वर्गात तपासता येण्यासारखा होता की! "पंचवीस लिहा" म्हटल्यावर आधी पाच ऐकू येतात म्हणून 52 लिहिणारी मुलं प्रत्येक दुसरीच्या शिक्षकाने पाहिलेली असतात. त्या मुलांना महिनाभर दोन्ही प्रकारे वाचायला देऊन काय झालं, कोणत्या संख्या सुधारल्या, कोणत्या तशाच राहिल्या, बेरीज करताना त्याचा उपयोग झाला का, असं शंभर शिक्षकांनी एकेक पान लिहिलं असतं तर त्या वादाची पातळीच वेगळी असती.

म्हणून कोणाला लिहायचं असेल तर माझं सांगणं, विषय लहान घ्या, एक तास, एक गणित, एक उतारा. टाचणात आपण काय करणार ते लिहितो, इथे काय झालं ते लिहायचं. मुलं जे बोलली ते त्यांच्याच शब्दांत लिहा, म्हणजे तास संपल्या संपल्या हजेरीच्या मागे दोन ओळी टिपून ठेवा, संध्याकाळपर्यंत ते शब्द बदललेले असतात. जे जमलं नाही तेही लिहा, वाचणारा शिक्षक तिथेच अडकलेला असतो. पहिल्या परिच्छेदात शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, सरळ फळ्यापासून सुरू करा. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ते एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि छान झालंय का असं न विचारता यावरून तुझ्या वर्गात हे करता येईल का असं विचारा, नाही म्हणाला तर कोणती माहिती कमी पडली ते लगेच कळेल.

आणि वहीचा फोटो टाकणार असाल तर वरची नावाची ओळ कापा, मुलाला आणि पालकांना विचारूनच टाका, चेहरा नको, आणि शाळेचं नाव आणि इयत्ता दोन्ही एकत्र देऊ नका, कारण लहान गावात तिसरीत चारच मुलं असतात आणि वही कोणाची हे सगळ्या गावाला लगेच कळतं.